मोठ्या शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटसाठी सीएमएस कसं पारखावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिक जिल्ह्यात तुमच्या संस्थेच्या ४० शाळा-महाविद्यालयं आहेत. प्रत्येकाची वेबसाइट वेगळी, त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या. आता सगळं एकाच सीएमएसवर, म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर चढवायच्या आणि सांभाळायच्या प्रणालीवर, आणायचं आहे, तीन कंपन्यांचे डेमो झाले आणि तिन्ही चांगले वाटले. मग कंपन्यांना गुण द्यायचा गुणतक्ता कसा करायचा, आणि वर्डप्रेस व द्रुपल या दोन सीएमएसपैकी कुठलं घ्यायचं, हे तुमचे दोन प्रश्न.

गुणतक्ता शेवटी करा. आधी तुमच्या सगळ्यात लांबच्या शाखेतल्या लिपिकाला खुर्चीवर बसवा आणि त्यांच्या टेबलावरची आजची सूचना त्यांनाच वेबसाइटवर चढवायला सांगा. कंपनीच्या माणसाने माउसला हात लावायचा नाही, तुम्हीही लावायचा नाही. त्या अर्ध्या तासात जे कळतं ते कुठल्याही तक्त्यात कळत नाही.

हे इतकं ठामपणे सांगते, कारण आम्ही उलटं केलं होतं. मी नाशिकमध्येच अशाच एका मोठ्या संस्थेच्या संगणक विभागात ९ वर्षं होते. आम्ही १३० मुद्द्यांचा तक्ता बनवला, पुढे "आहे" आणि "नाही" असे दोन रकाने. सगळ्या कंपन्यांनी जवळजवळ सगळीकडे "आहे" लिहून दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. खरेदी झाली, सातपूरच्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं. सहा महिन्यांत माझ्या व्हॉट्सॲपवर रोज पंधरा-वीस निरोप यायला लागले: "मॅडम, एवढं चढवून द्या ना." म्हणजे सीएमएस घेऊनही ४० शाखांचं काम एकाच माणसाच्या फोनवर येऊन पडलं होतं.

शेवटी मी दिंडोरी-वणी करत सुरगाण्याकडच्या एका शाखेत गेले आणि तिथल्या लिपिक ताईंच्या शेजारी नुसती बसून राहिले. त्यांनी परीक्षेची सूचना वर्डमध्ये टाइप केली, प्रिंट काढली, प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेली. हिरव्या शाईत सही झाली, गोल शिक्का बसला, जावक रजिस्टरात नोंद होऊन क्रमांक पडला, कागद फलकावर लागला. मग त्यांनी मोबाइल काढला, फलकावरच्या कागदाचा फोटो घेतला आणि मला पाठवला. मी शेजारीच बसले होते, तरी फोनवरच पाठवला, कारण रोजची सवय. मी विचारलं, "ताई, सीएमएसमध्ये का नाही टाकत?" त्या म्हणाल्या, "तिथे सरांची मंजुरी लागते आणि सर काही लॉगिन करत नाहीत. आणि सही तर त्यांनी केलीच आहे की."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मंजुरी कागदावर झालेली होती, आणि आम्ही तीच मंजुरी दुसऱ्यांदा पडद्यावर मागत होतो. त्यानंतर आम्ही साध्या सूचनेसाठी मंजुरीची पायरीच काढून टाकली. त्याऐवजी जावक क्रमांक आणि दिनांक हे दोन रकाने सक्तीचे केले. ते भरले की ताई स्वतः प्रकाशित करणार. निविदा, नोकरभरती आणि शुल्क या तीनच प्रकारांना मुख्य कार्यालयाची मंजुरी ठेवली. म्हणून कंपनीला "मंजुरीची सोय आहे का" असं विचारू नका, "आहे" हेच उत्तर येईल. "मजकुराच्या प्रकारानुसार मंजुरी वेगवेगळी ठेवता येते का, आणि आमचे रकाने आम्हाला सक्तीचे करता येतात का, आत्ता करून दाखवा" असं म्हणा.

चाचणीसाठी नमुन्याचा मजकूर कंपनीकडून घेऊ नका. तुमच्याच कपाटातून दहा कागद काढा: परीक्षेचं आडवं-उभं वेळापत्रक, भरतीची जाहिरात आणि तिचं शुद्धिपत्रक, शेवटच्या तारखेनंतर आपोआप खाली उतरायला हवी अशी निविदा, स्नेहसंमेलनाचे मोबाइलवर काढलेले ४० फोटो, बदली झालेल्या प्राचार्यांचं नाव जे साइटवर डझनभर ठिकाणी आहे. तीन शाखांतून तीन माणसं बोलवा, त्यात एक तरी संगणकाला बिचकणारं असू द्या. तुम्ही मागे वही घेऊन बसा आणि माणूस कुठे थांबतो, कुठे "आता काय करू?" म्हणून मान वळवतो, तेवढंच टिपा. मला विचाराल तर अर्धे गुण या वहीला द्या.

आता मराठी. डेमोमध्ये हा विषय हमखास राहून जातो, कारण डेमोचा मजकूर इंग्रजी असतो. शाखांमध्ये अजूनही कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली आहेत. त्या सीएमएसमध्ये चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, कोण आणणार, हे कामाच्या यादीत वेगळं लिहा. नाहीतर ते तुमच्याच गळ्यात पडतं.

वेबपत्त्याचंही असंच. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, पायमोड सगळं वेगवेगळं धरून, ९ इंग्रजी चिन्हांत बदलतं. "नाशिक" लिहिलं की ४५ चिन्हं झाली. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालतं, म्हणजे देवनागरीची जेमतेम २२ बसतात. आमच्या निम्म्या सूचना "शैक्षणिक वर्ष २०२५-२६ करिता" अशाच सुरू व्हायच्या. पत्ता "करि"पर्यंत येऊन तुटायचा आणि पुढच्या सूचनांना करि-२, करि-३ असे पत्ते पडायचे. कुठली प्रवेशाची आणि कुठली शिष्यवृत्तीची, पत्त्यावरून काही कळायचं नाही. पत्ता हाताने छोटा लिहायचा नियम केला की हे सुटतं, पण नियम पहिल्या दिवसापासून हवा.

शोधाची पेटी तर स्वतः तपासाच. "परीक्षा" टाकून बघा, "परीक्षेचे वेळापत्रक" सापडतं का? वर्डप्रेसचा मूळचा शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो, त्यामुळे सामान्यरूप झालं की शब्द त्याच्या हातून निसटतो. "कर्मचाऱ्यांची" हा शब्दही बघा. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. पालक शोधतो, काही मिळत नाही, आणि तो शाळेत फोन लावतो.

सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो चढवायची सवय मोडणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अंध विद्यार्थी एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो, आणि त्याच्यासाठी तो फोटो मुका असतो. सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वं, तिसरी आवृत्ती, २०२३, डब्ल्यूसीएजी २.१ या, साइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीवर बेतलेली आहेत. खाजगी संस्थेनेही तीच मोजपट्टी धरावी. चाचणीच्या दिवशी एक पान एनव्हीडीएवर वाचून घ्या, दहा मिनिटं लागतात.

वर्डप्रेस की द्रुपल? दोन्ही मुक्त, दोन्ही मोफत, दोन्ही भक्कम. शाखेच्या माणसाला वर्डप्रेस लवकर हाताळता येतं, आणि नाशिकमध्ये ते येणारी मुलंही सहज मिळतात. पण त्यात मूळच्या पाचच भूमिका, म्हणजे कोणाला काय करता येईल याचे ठरलेले प्रकार, आहेत. त्यातल्या कॉन्ट्रिब्युटरला लिहिता येतं, पण प्रकाशित करता येत नाही आणि फाइलही जोडता येत नाही, म्हणजे आमच्या ताईंचं पीडीएफ तिथेच अडलं. मराठी-इंग्रजी अशा दोन भाषांसाठीही वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्राम, लागतं. द्रुपलमध्ये दोन्ही भाषा, हवे तसे रकाने आणि प्रकारानुसार मंजुरी हे सगळं गाभ्यातच आहे. पण उभारायला जाणता माणूस लागतो आणि तो महाग पडतो. तुमच्या मुख्य कार्यालयात असे दोन जण कायमचे असतील तर द्रुपल घ्या. नसतील तर वर्डप्रेस घ्या आणि प्लगइनांची यादी पंधराच्या वर जाऊ देऊ नका. परवान्याचे पैसे लागणाऱ्या मोठ्या परदेशी प्रणाल्यांची ४० शाखांना गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी एक प्रश्न लेखी विचारा: सुरक्षेचा पॅच, म्हणजे त्रुटीवरची दुरुस्ती, रात्री आला तर कोण उठणार? १५ ऑक्टोबर २०१४ ला द्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. त्याच दिवशी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. द्रुपलच्याच सुरक्षा गटाने नंतर सांगितलं की सात तासांत, म्हणजे आपल्या पहाटे साडेचारपर्यंत, ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपली साइट फोडली गेली असंच धरून चालावं. वार्षिक देखभाल करारात "कार्यालयीन वेळेत सेवा" असं लिहिलेलं असेल तर त्या रात्री त्याचा काय उपयोग होता?

निकालाच्या दिवशीचा भार कॅशिंगने, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून तीच सगळ्यांना दाखवल्याने, निभावतो, त्याची फार चिंता करू नका. गुणवत्ता यादीत मोबाइल क्रमांक किंवा आधार क्रमांक जाणार नाही, ही चिंता मात्र नक्की करा.

राहिलं बाहेर पडणं. द्रुपल ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणारा अधिकृत पाठिंबा ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे साइट जवळपास नव्याने बांधणं होतं. आज घ्याल ते एक दिवस सोडावं लागणारच. तुमच्या महाविद्यालयांनी नॅक या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला दिलेल्या अहवालांत साइटचे शेकडो दुवे दिलेले असतील. पत्ते बदलले की ते सगळे मरतात, म्हणून जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर वळवण्याचं काम करारात घाला. वर्डप्रेसच्या निर्यातीच्या फाइलमध्ये फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. जुना सर्व्हर बंद झाला की फोटो गेले. म्हणून सगळा मजकूर, सगळ्या फाइली आणि डेटाबेस दर तिमाहीला तुमच्या ताब्यात देण्याची अट घाला, आणि पहिल्या वर्षातच तो संच एकदा दुसऱ्या संगणकावर उभा करून बघा. आम्हाला त्याला दोन दिवस लागले. तीन शाखांचे फोटो त्यात नव्हतेच, आणि जुना सर्व्हर अजून चालू होता म्हणून ते परत आणता आले.