पाहुण्यांनी घराचे नुकसान केले, तर भरपाई मागावी का?

मागितली तर नाते तुटेल आणि न मागितली तर मनात खदखदत राहील, अशा पेचात सापडलेली माणसे माझ्याकडे वारंवार येतात. त्यांतला एक अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे सांगतो.

2025 च्या जून महिन्यात परभणीच्या पन्नाशीतल्या एक बाई आल्या. त्यांचे धाकटे दीर अमृतसरला नोकरीला आहेत. भारत-पाकिस्तान संघर्षामुळे 7 मेच्या रात्री तिथे ब्लॅकआउट झाला, म्हणजे सगळे दिवे बंद ठेवले गेले, विमानतळही बंद होता, तेव्हा धाकटी जाऊ दोन मुलांना घेऊन सचखंड एक्सप्रेसने परभणीला आली आणि 10 मे रोजी शस्त्रसंधी होऊनही महिनाअखेरपर्यंत राहिली. तेवढ्या दिवसांत बोअरची मोटार जळाली आणि सासऱ्यांनी हौसेने करून घेतलेल्या सागवानी चौकटींत वीसेक खिळे ठोकले गेले. "आसरा आम्ही दिला, अन् घराची ही गत," असे त्या म्हणाल्या.

आधी माझेच चुकले. नुकसानीची यादी करून आणा, असे मी सांगितले आणि पुढच्या भेटीत त्या यादीत फुटलेल्या दोन कपबशाही आल्या. खिळे कशासाठी ठोकले, हे मात्र त्यांनी जावेला विचारलेलेच नव्हते. विचारल्यावर कळले, की दिवेलागणीला आठ वर्षांचा पुतण्या "लाइट बंद करा" म्हणून रडायचा, म्हणून त्याच्या आईने उजेड बाहेर दिसू नये अशा बेताने खिडक्यांवर सोलापुरी चादरी ठोकल्या होत्या. मोटारीचे कारण साधे होते: मे महिन्यात बोअरला पाणी जेमतेम अर्धा तास टिकते आणि त्यानंतर कोरडी चाललेली मोटार तापून जळते, हे जावेला कोणी सांगितलेच नव्हते.

मी दोन्ही गोष्टी वेगळ्या करायला सांगितल्या. मोटारीचा खर्च थेट दिराशी, आकडा सांगून बोलावा आणि त्याच फोनवर खिडक्यांचा विषय काढू नये. "भावजी, मोटार भरायला साडेचार हजार लागले, निम्मे तुम्ही द्या," एवढेच त्या बोलल्या. दिराने सगळे पैसे पाठवले. जाऊ मात्र रुसली आणि महालक्ष्म्यांना आली तेव्हाच बोलली. चौकटींतली भोके लांबी भरून बुजवली आहेत. रंग जुळला नाही, ते ठिपके डोळ्यांत खुपतात, असे बाई अजूनही म्हणतात.