उच्च शिक्षणाचं साहित्य सर्वांना मोफत द्यायचं, तर पैसा कुठून आणायचा?

पैसा आजही बराचसा सरकारी तिजोरीतूनच जातोय. तो साहित्य तयार करण्यावर घालायचा की शोधपत्रिकांच्या (जर्नल्सच्या) वर्गणीवर, यावर माझं मत देतो. इंजिनिअरिंगला शिकवतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच.

एनपीटेल घ्या, म्हणजे प्राध्यापकांची व्याख्यानं ऑनलाइन मोफत देणारा उपक्रम. सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी 2003मध्ये केंद्राच्या पैशातून ते सुरू केलं. प्राध्यापकांचे पगार चालूच होते. वरचा खर्च चित्रीकरण, संकलन आणि सर्व्हरचा. एकदा रेकॉर्ड केलेलं व्याख्यान हजार मुलांनी पाहिलं काय नि लाखभर मुलांनी पाहिलं काय, खर्च फारसा वाढत नाही. म्हणून व्हिडिओ फुकट. परीक्षेचं तसं नाही. केंद्र, पर्यवेक्षक, तपासणी हे सगळं दर मुलामागे वाढतं. ज्याला प्रमाणपत्र हवं त्यानेच परीक्षेची फी भरायची, ही वाटणी मला पूर्ण पटते.

आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' बघा, म्हणजे संस्थांसाठी जर्नल्सची वर्गणी केंद्र सरकारने एकत्र भरायची योजना. नोव्हेंबर 2024मध्ये मंजुरी, 2025 ते 2027 साठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स. पीएचडीच्या मुलांची सोय झाली, हे मान्यच. पण ती केंद्र-राज्य सरकारच्या संस्थांपुरती. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची किती मुलं विनाअनुदानित कॉलेजांत आहेत, आठवा! ती बाहेरच राहिली. शिवाय वर्गणी संपली की नवे अंक बंद. आणि त्यातले कित्येक पेपर आपल्याच प्राध्यापकांनी सरकारी पगारावर लिहिलेले, तपासणारेही बहुधा बिनपैशाचे.

त्यापेक्षा सरकारी अनुदानातून झालेला प्रत्येक पेपर खुल्या संग्रहात टाकायला लावा. केंद्राचे जैवतंत्रज्ञान (डीबीटी) आणि विज्ञान-तंत्रज्ञान (डीएसटी) विभाग यांचं असं धोरण 2014पासून आहेच. अनुदानाचा पुढचा हप्ता त्याला बांधला की लोक निमूट टाकतील.

पाठ्यपुस्तकांसाठी लेखकाला एकरकमी चांगलं मानधन द्यावं आणि पुस्तक खुलं करावं. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई हिने आपल्या ई-कुंभ या पोर्टलवर मराठीतली इंजिनिअरिंगची पुस्तकं मोफत ठेवली आहेत, तिथून पुढे जाता येईल. देणग्यांचाही उपयोग होतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअरला, म्हणजे अभ्यासक्रमाचं साहित्य ऑनलाइन मोफत देण्याच्या उपक्रमाला, सुरुवातीला ह्यूलेट आणि मेलन प्रतिष्ठानांनी पैसा दिला होता. आपल्याकडचे देणगीदार मात्र इमारतीलाच आधी हात घालतात. पीडीएफवर कोनशिला बसत नाही ना! पहिल्या पानावर त्यांचं नाव छापायला माझी काही हरकत नाही.