कुठल्या रकान्यात खूण करायची?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या वंशभेदावर लेख आला आणि पत्रांची रास पडली. निम्मी पत्रं मुलं-नातवंडं तिकडे असलेल्यांची, म्हणून काळजीची. बाकीची कुतूहलाची, काही भांडणाचीही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मुलगी एम.एस.साठी चालली आहे. विद्यापीठाच्या अर्जात ‘एथ्निसिटी’ आणि ‘रेस’ असे दोन वेगळे प्रश्न आहेत. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक, आडनाव डिसोझा. एजंट म्हणतो, ‘हिस्पॅनिक’वर खूण करा, फायदा होईल. करावी का? (वांद्रे)

मुळीच करू नका. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक संस्कृतीशी नातं असलेले लोक: मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको वगैरे. डिसोझा, परेरा, फर्नांडिस ही आपल्याकडची आडनावं पोर्तुगीज पाद्र्यांकडून बाप्तिस्म्यात आली. त्यांचा स्पेनशी संबंध नाही आणि आडनावावरून तिथे कोणी हिस्पॅनिक ठरतही नाही. खोटी माहिती पुढे उघडकीला आली तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. एजंटची फी मात्र परत मिळत नाही.

‘एथ्निसिटी’त ‘हिस्पॅनिक आहात का’ असं विचारतात, तिथे ‘नाही’ आणि ‘रेस’ला ‘एशियन’. खाली पोटप्रकार विचारले असतील तर ‘एशियन इंडियन’. बरेच जण ‘इंडियन’ हा शब्द दिसला की घाईत ‘अमेरिकन इंडियन’वर खूण करतात. तो रकाना तिथल्या मूळ रहिवाशांचा आहे, सिऊ, नवाहो, चेरोकी अशा जमातींचा. ‘ईस्ट इंडियन’ असं हाताने लिहिण्याच्याही भानगडीत पडू नका. वांद्र्याबाहेर त्याचा अर्थ लागत नाही. उत्तर द्यायचंच नसेल तर तसा पर्याय बहुतेक अर्जांत असतो आणि तो निवडला म्हणून काही बिघडत नाही.

२०२४ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करण्याचा नियम काढला आहे, त्यामुळे पुढेमागे अर्जाचं रूप बदललेलं दिसेल. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात वंश विचारत नाहीत. ‘क्लॅन ऑर ट्राइब’ असा एक प्रश्न असतो, पण जात किंवा गोत्र लिहायची ती जागा नव्हे.

आपण भारतीय आर्य वंशाचे, शास्त्रानुसार कॉकेशियन. मग अमेरिकेत आपल्याला गोऱ्यांमध्ये का मोजत नाहीत? (विलेपार्ले)

हाच युक्तिवाद शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होऊन गेला आहे, आणि हरला आहे. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना मिळे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. मधले सगळे बाहेर. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. आपण उच्चवर्णीय, आर्य रक्ताचे, म्हणून गोरे, असं त्यांच्या बाजूने मांडलं गेलं. तीनच महिने आधी याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला ‘गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस’ असं सांगून परत पाठवलं होतं. थिंद यांच्या वेळी फेब्रुवारी १९२३ मध्ये न्यायमूर्तींनी चक्क फिरून सांगितलं, की शास्त्र काहीही म्हणो, साधा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा.

निकालामागोमाग आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घेणं सुरू झालं. कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र परक्यांना जमीन घेता येत नव्हती, त्यामुळे मालमत्ताही गेली. वैष्णो दास बगई या व्यापाऱ्याने १९२८ मध्ये याच हतबलतेतून आत्महत्या केली. १९४६ साली नागरिकत्व मिळू लागलं आणि नव्याने येणाऱ्यांसाठी दार उघडलं, पण तेही वर्षाला १०० भारतीयांपुरतं. ते सताड उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ज्या रेट्यातून आले, त्याच रेट्यात हाही मंजूर झाला. तो रेटा काळ्या लोकांनी तुरुंगात जाऊन, मार खाऊन उभा केला होता. आपली मुलं ज्या दारातून आत गेली त्याची कडी त्यांनी काढली. हा हिशेब आपल्या दिवाणखान्यांत फारसा निघत नाही.

आणि मोजणीचं म्हणाल तर १९२० ते १९४० च्या जनगणनांत आपला ‘वंश’ चक्क ‘हिंदू’ होता, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये आपल्याला गोऱ्यांत धरलं, तेव्हा अल्पसंख्याकांसाठीच्या योजना मिळणार नाहीत हे लक्षात आल्यावर भारतीयांच्याच संघटनांनी वेगळा रकाना मागून घेतला. १९८० पासून ‘एशियन इंडियन’. वंश रक्तात शोधणाऱ्यांनी हे अर्ज एकाखाली एक ठेवून वाचावेत.

मुलगा न्यू जर्सीत घर बघतो आहे. कायदे होऊन इतकी वर्षं झाली तरी काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या कशा? आणि दलालाला ‘इथे आपले लोक आहेत का’ विचारलं तर तो उत्तरच देत नाही. (मुलुंड)

दलाल उद्धट नाही, तो घाबरलेला आहे. गिऱ्हाइकाचा वंश बघून वस्ती सुचवणं याला ‘स्टीअरिंग’ म्हणतात आणि १९६८ च्या घरहक्क कायद्याने ते बेकायदा आहे. विचारायचं असेल तर किराणा दुकान किती लांब, शाळा कोणती, ट्रेन किती वेळात, हे विचारा. बाकीचं मुलाने संध्याकाळी दोन फेऱ्या मारून स्वतः बघावं.

वस्त्या वेगळ्या का, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. ‘ज्याला जिथे आवडलं तिथे तो राहिला’ असं ते नाही. १९३० पूर्वी तिथे घरकर्ज म्हणजे निम्मे पैसे रोख आणि उरलेले तीन-पाच वर्षांत फेडा, असा मामला होता. मंदीत घरं धडाधड जप्त झाली, तेव्हा सरकार मध्ये पडलं. १९३४ पासून केंद्र सरकार कर्जाचा विमा उतरवू लागलं. खरेदीदाराने २० टक्के भरायचे, बाकी ८० टक्के वीस वर्षांच्या समान हप्त्यांत. मध्यमवर्गाला घर परवडलं ते यामुळे.

पण विमा कुठल्या घराला? सरकारच्याच एका गृहकर्ज मंडळाने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवून घेतले होते. हिरवा म्हणजे उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीला लागलेला, तांबडा धोक्याचा. प्रत्येक भागाचा एक फॉर्म भरला जाई आणि त्यात इमारतींच्या वयाबरोबर ‘निग्रो किती टक्के’ हाही रकाना असे. काळ्यांची वस्ती म्हटली की बहुतेक ठिकाणी लाल. विमा देणाऱ्या खात्याचे नियमही याच तर्काचे होते. विमा नाही म्हणून बँक कर्ज देईना, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती होईना, दुरुस्ती नाही म्हणून भाव पडे, आणि भाव पडला की नकाशा खरा ठरे. घर हवंच असलेल्या काळ्या कुटुंबाला शिकागोसारख्या शहरात सट्टेबाज ‘कराराने’ घर विकत. किंमत बाजारभावाच्या कितीतरी वर, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्या नावावर, आणि एक हप्ता चुकला की घरही गेलं, भरलेले पैसेही गेले. पागडीच्या खोलीत जन्म काढलेल्या मुंबईकराला यातली मेख वेगळी सांगायला नको.

शिवाय खरेदीखतातच ‘हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकणार नाही’ अशी अट असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की अशी अट कोर्ट अमलात आणून देणार नाही. (आपल्याकडे २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व समाजापुरतं ठेवणारा उपनियम वैध ठरवला. ‘फक्त शाकाहारी’ तर आपल्याकडे लिहावंही लागत नाही, दलाल फोनवरच सांगतो.) दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना स्वस्त कर्जं मिळाली, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या नव्या वसाहती उठल्या, पण काळ्या सैनिकाला तिथे घर नव्हतं. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. रखडलेल्या घरहक्क कायद्यावर त्यानंतर सातव्या दिवशी सही झाली. तोवर गोऱ्या कुटुंबांच्या घरांचे भाव तीस वर्षं वाढत आले होते. ते घर तारण ठेवून मुलं शिकली, मग वारशाने पुढे गेलं. कायद्याने भेदभाव थांबवता येतो, साठलेलं व्याज परत देता येत नाही.

यात शाळेची गाठ आहे. तिथल्या सार्वजनिक शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. घरं महाग, तर कर जास्त, तर शाळा श्रीमंत. न्यू जर्सीत हा फरक इतका वाढला, की १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला गरीब शहरांतल्या शाळांवर श्रीमंत उपनगरांइतका खर्च करा, असा आदेश द्यावा लागला. तेव्हा ‘चांगली शाळा’ बघून घर घेणारा तुमचा मुलगा त्या जुन्या नकाशातही पाय ठेवतो आहे. घेऊ नये असं आम्ही म्हणत नाही. शेजारच्या गावातली शाळा ‘तसल्या लोकांमुळे’ वाईट आहे, असं मात्र त्याने म्हणू नये.

त्याला स्वतःला वंश किंवा देश बघून नकार मिळाला, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि सगळे संदेश जपून ठेवायचे. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षात तक्रार, कोर्टात दावा दोन वर्षांत. फोनवर ‘घर रिकामं आहे’ आणि प्रत्यक्ष तोंड बघितल्यावर ‘आत्ताच गेलं’ असं झालं, तर दुसऱ्या वंशाच्या मित्राला त्याच दिवशी चौकशी करायला सांगावी. अशा तक्रारीत हा पुरावा फार कामाला येतो.

‘निग्रो’ म्हणावं, ‘ब्लॅक’ म्हणावं की ‘आफ्रिकन अमेरिकन’? (गिरगाव)

ब्लॅक किंवा आफ्रिकन अमेरिकन, दोन्ही चालतात. नायजेरिया किंवा जमैकाहून नुकत्याच आलेल्या माणसाला आफ्रिकन अमेरिकन म्हणू नये. ‘निग्रो’ जुन्या कागदपत्रांच्या संदर्भातच. आणि लिफ्टमध्ये मराठीत ‘तो काळ्या’, ‘कल्लू’ असं कुजबुजणं सोडा. स्वर आणि नजर यांना भाषांतर लागत नाही.

अमेरिकेतलं आरक्षण कोर्टाने बंद केलं म्हणतात. मग आपल्याकडेही तसंच का नको? (दादर)

बंद झालं ते आरक्षण नव्हतं. ठरावीक जागा राखून ठेवणं तिथे १९७८ मध्ये अ‍ॅलन बाकी या उमेदवाराच्या खटल्यातच बेकायदा ठरलं. त्यानंतर वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून बघायची मुभा होती, ती २९ जून २०२३ च्या हार्वर्डविरुद्धच्या निकालाने गेली. त्यांच्या घटनेत ‘समान संरक्षण’ एवढेच शब्द आहेत आणि अर्थ न्यायाधीश लावतात. आपल्याकडे मद्रासच्या प्रवेशांचा वाद हरल्यावर १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने कलम १५(४) घातलं गेलं. पाया वेगळा, इमारत वेगळी. एक जोड मात्र दाखवायला हवी: हार्वर्डच्या खटल्यात अन्याय झाल्याचं सांगायला आशियाई विद्यार्थी पुढे केले होते. थिंद यांच्या काळी आपण गोऱ्यांच्या रांगेत घुसायला बघत होतो. या वेळी रांग दुसऱ्यांनी लावली आणि आपल्याला पुढे उभं केलं.

दलित पँथरने ब्लॅक पँथरचं फक्त नाव घेतलं की आणखी काही? (वरळी)

नात्याची सुरुवात नावाच्या पुष्कळ आधीची आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली तिथल्या काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळताच त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठीही तसंच करावं, असा त्यांचा विचार होता. डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर धाडलं.

आता पँथर. बिबळ्याचं ते चित्र मुळात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं नाही, अलाबामातल्या लाउन्डिस काउंटीचं. तिथे निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर पक्षाचं चित्र छापत. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह कोंबडा, म्हणून काळ्यांच्या नव्या पक्षाने काळा बिबळ्या घेतला. म्हणजे आपल्यासारखंच निवडणूक चिन्ह! ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडला ते नाव उचलून ब्लॅक पँथर पक्ष काढला. उघड बंदूक बाळगण्याची कायद्यातली मुभा वापरून ते पोलिसांच्या गाड्यांमागे फिरत. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने ती मुभाच काढून घेतली. १९६९ पासून शाळकरी मुलांना मोफत न्याहारी आणि दवाखाने सुरू झाले. बंदुकीची छायाचित्रं राहिली, न्याहारी लोक विसरले.

मुंबईत १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या लिहित्या तरुणांची संघटना उभी राहिली ती खेड्यांतल्या अत्याचारांच्या बातम्यांवर. त्यांचं हत्यार शब्द आणि मोर्चा. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली, मोर्च्यावर दगड पडले, भागवत जाधव मारले गेले. हे तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेलं आहे. नावाखेरीज काय घेतलं, तर याचना न करता हक्काने बोलण्याची ढब. बंदूक घेतली नाही. न्याहारीही घेतली नाही, आणि ती घ्यायला हवी होती असं आमचं मत.

मुलाकडे सहा महिने जातोय. तिथल्या पोलिसांबद्दल ऐकून धास्ती वाटते. काय पाळावं? (भांडुप)

मुलगा गाडी चालवत असताना मागे दिवे लागले, तर इंडिकेटर देऊन उजव्या कडेला थांबायचं. इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा. चालकाचे हात स्टीअरिंगवर, बाकीच्यांचे मांडीवर, दिसतील असे. आपल्या सवयीने दार उघडून ‘साहेब, काय झालं?’ करत खाली उतरायचं नाही, सगळ्यात जास्त घोटाळा त्याने होतो. उतरा म्हणाले तरच उतरा. कागद खणात असतील तर ‘तिथे हात घालतो’ असं आधी सांगून मगच सावकाश हात न्यायचा. मांडवली, नोट पुढे करणं, कोणाची ओळख सांगणं, यातलं काहीही नाही. लाच देऊ करणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. गाडी तपासू का विचारलं तर नम्रपणे ‘नाही’ म्हणता येतं, पण ऐकलं नाही तर अडवायचं नाही. वाद पुढे कोर्टात घालायचा.

सकाळच्या फेरफटक्याचं जास्त मनावर घ्या. २०१५ साली अलाबामातल्या मॅडिसन गावात नातवासाठी आलेले एक गुजराती आजोबा घराबाहेर चालत होते. कोणीतरी फोन केला, ‘एक किडकिडीत काळा माणूस घरांभोवती फिरतोय.’ इंग्रजी येत नसल्याने त्यांना उत्तर देता आलं नाही, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या शरीराला अंशतः लकवा आला. फोन करणाऱ्याला ते ‘एशियन इंडियन’ दिसले नव्हते.

म्हणून खिशात एक कार्ड ठेवा. त्यावर ठळक इंग्रजीत तुमचं नाव, मुलाचा पत्ता, त्याचे दोन फोन नंबर आणि ‘मला इंग्रजी येत नाही, मराठी दुभाषा हवा’ एवढं वाक्य. सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत, कारण परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असा कायदाच आहे. कोणी हाक मारली तर जागीच थांबा, हात उघडे ठेवा, आणि कार्ड कुठल्या खिशात आहे ते बोटाने दाखवा. स्वतः खिशात हात घालू नका. जमलं तर ते लॅमिनेट करून दोरीने गळ्यातच अडकवा, म्हणजे खिशाचा प्रश्नच येणार नाही.