जर्मनीतील बिनफीचे शिक्षण आणि दोन एकरांचा प्रश्न

काकाजी, सप्रेम नमस्कार.

मुलगा अमरावतीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला जर्मनीत एमएस करायचे आहे, तिथे फी नसते असे ऐकूनही एजंट पंधरा लाख सांगतो, तेव्हा कोरडवाहूपैकी दोन एकर विकावे काय, असे तुम्ही विचारले आहे. मीही आपल्या दारव्हा तालुक्यातूनच इकडे शिकायला आलो आणि पुढे इथेच नोकरीला लागलो, म्हणून सविस्तर लिहितो.

फी नसते हे बहुतांशी खरे आहे. इथली सरकारी विद्यापीठे मुख्यतः राज्यांच्या करांतून चालतात. २००६-०७ च्या सुमारास काही राज्यांनी सहामाहीला ५०० युरोपर्यंत फी लावून पाहिली, पण विरोध एवढा झाला की एकेक राज्य मागे हटले आणि २०१४ मध्ये शेवटी लोअर सॅक्सनीनेही ती बंद केली. बाहेरच्यांबाबत मात्र हात आखडता होऊ लागला आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून एमएसला सहामाहीची ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये हेच केले. करदात्याच्या पैशावर चालणारी व्यवस्था आधी घरच्या लेकरांकडे पाहणार, यात मला तरी अन्याय दिसत नाही. आणि त्या घरच्या लेकरांनाही बहुतेक राज्यांत चौथीनंतरच वेगवेगळ्या शाळांत वाटून टाकतात, त्यामुळे कामगाराचे पोर विद्यापीठापर्यंत कमीच पोहोचते.

आता पंधरा लाखांचे पाहू. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास रक्कम, ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरावी लागते. हा पैसा कोणाच्या घशात जात नाही. तो मुलाच्याच नावावर राहतो आणि इथे आल्यावर दरमहा ९९२ युरो त्याच्या हाती येतात. तेव्हा उरलेले तीन लाख कशाचे, हे एजंटला लेखी विचारा. तो खासगी विद्यापीठाचे नाव पुढे करत असेल तर अधिकच सावध राहा, कारण तिथे फीही असते आणि त्याची दलालीही.

खरी अडचण वेळेची आहे. हिवाळी सत्राचे प्रवेशपत्र साधारण जून-जुलैत हाती पडते आणि तेव्हाच ही रक्कम दाखवावी लागते. आपल्याकडे त्याच दिवसांत बी-बियाणे, खत आणि डवरणीच्या मजुरीत हात रिकामा झालेला असतो, आणि कापसाचे पैसे तर उन्हाळ्यातच संपलेले असतात. बँकेत सातबारा घेऊन गेलात तर शेतजमीन तारण चालत नाही असे सांगतील. त्यात साहेबाचा आडमुठेपणा नाही: थकीत कर्जाची वसुली ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याने होते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. गावठाणातल्या घराचा नमुना आठही पुष्कळ शाखा स्वीकारत नाहीत. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज मात्र केंद्राच्या हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते, परदेशी शिक्षणासाठीसुद्धा. त्याचा अर्ज उन्हाळा लागण्याआधीच करा, म्हणजे साडेचार-पाच लाखांचीच जुळवाजुळव उरेल. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी पाहा; जागा मोजक्या आहेत आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, पण मिळाली तर फी, निर्वाहभत्ता आणि विमानभाडे सगळेच त्यात येते.

विद्यार्थ्याला इथे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. परंतु भाषा येईपर्यंत भांडी घासण्याचे किंवा गोदामातले कामच मिळते, म्हणून पहिल्या वर्षाच्या हिशेबात ती कमाई धरू नका.

दोन एकर विकू नका, असेच मी म्हणेन. फारच कमी पडले तर ते दोन-तीन वर्षांसाठी मक्त्याने द्या. आणि मुलाला एपीएस प्रमाणपत्राच्या, म्हणजे भारतातल्या गुणपत्रिका-पदवी तपासून त्या खऱ्या असल्याचा जो दाखला मिळतो त्याच्या, कागदपत्रांना आजच लागायला सांगा, कारण नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना त्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही.