पोरीचं कॅरेक्टर घेऊन खेळतोस?

गेल्या अंकात सहज एक ओळ टाकली होती की गेममध्ये मेन कॅरेक्टर बाई असेल तर खेळताना काही वेगळं वाटतं का ते कळवा. मेलबॉक्स भरला. त्यातल्या नुसत्या शिव्या होत्या त्या बाजूला ठेवल्या. सदाशिव पेठेतून आलेली एक मेल मात्र ठेवली, कारण तिचं शुद्धलेखन फारच छान होतं. खाली येईलच.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, धनकवडीत मित्रांसोबत फ्लॅटवर राहतो. जिथे चॉइस असतो तिथे मी मुलीचं कॅरेक्टर घेतो. रूममेट्स म्हणतात पोरीचं कॅरेक्टर घेऊन खेळतोस, काय प्रॉब्लेम आहे तुझा. मी म्हणतो तासन् तास स्क्रीनवर कॅरेक्टरची पाठच बघायचीये तर पुरुषाची कशाला बघू. सगळे हसतात आणि विषय संपतो. पण खरं कारण ते नाहीये आणि ते मला नीट सांगताही येत नाही.
– र., धनकवडी

अरे ते पाठीचं उत्तर आता रिटायर कर, जगातला प्रत्येक मुलगा तेच देतो आणि निम्मे खोटं बोलत असतात. तू खेळतोस काय ते बघ ना. 'होरायझन झिरो डॉन' खेळला असशील, २०१७ चा, गुरिला गेम्सचा. त्यातली हिरॉईन अलॉय कशी खेळते? समोर थंडरजॉ नावाचं घराएवढं मशीन फिरतंय आणि तिच्याकडे धनुष्यबाण. अंगावर धावून गेलास तर दोन फटक्यात मेलास. म्हणून तू गवतात बसतोस, कानाजवळच्या फोकस नावाच्या त्या यंत्राने मशीनचा रस्ता बघून ठेवतोस, वाटेत तारा लावतोस, मग भाग उखडणारा टेअर अ‍ॅरो मारून त्याच्या पाठीवरचा डिस्क लाँचर पाडतोस आणि तोच उचलून त्याच्यावर चालवतोस. ही बाई भारी आहे असं कोणी कटसीनमध्ये, म्हणजे मधल्या नुसत्या बघायच्या सीनमध्ये, सांगत बसत नाही, डोकं चालवायचं काम तुझ्या बोटांना दिलेलं असतं. मला वाटतं तुला आवडतंय ते हे. आणि लहानपणापासून टोळीबाहेर टाकलेली पोरगी आहे ती, त्यामुळे नंतर जेव्हा तेच लोक तिच्यापुढे गुडघे टेकतात तेव्हा ती खूश होत नाही, वैतागते. तो सीन बघून मी टाळी वाजवली होती, रात्री, घरचे झोपलेले असताना.

आता उलट बाजू. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) मध्ये कसांड्रा ही बाई घे नाहीतर अलेक्सिओस हा पुरुष, गोष्ट तीच, डायलॉगही जवळपास तेच. म्हणजे बाई म्हणून तिच्यासाठी वेगळं काही लिहिलेलंच नाही. आणि मजा म्हणजे त्यामुळेच ती जमून आलीये, कारण ती पैसे घेऊन मारामाऱ्या करते, लोकांची टर उडवते, कोणाच्याही भानगडीत पडते आणि 'बाई असून' हे दोन शब्द तिच्या वाट्याला फारसे येत नाहीत. रूममेट्सना एवढंच सांग की मला ती जास्त चांगली लिहिलेली वाटते. नाही पटलं तर कंट्रोलर देऊ नकोस.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या आतेभावाने त्याचा जुना पीएस फोर (टीव्हीला जोडायचा गेमचा डबा) दिला, सोबत 'टूम रेडर' दिला. तिला लारा क्रॉफ्ट फार आवडते, मलाही बरं वाटलं की निदान मुलगी हिरो आहे. पण परवा मी खोलीत गेले तर स्क्रीनवर जे चाललं होतं ते बघून हादरले. घेऊ का काढून?
– एक आई, कोथरूड

हो, हा काढून घ्या, पण ओरडून नको. तुमच्याकडे आहे तो २०१३ मध्ये नव्याने सुरू केलेल्या सीरिजमधला पहिला. लारा त्यात २१ वर्षांची, जहाज फुटून यामाताई नावाच्या बेटावर अडकलेली. गेम चांगलाच आहे, पण युरोपात त्याला १८ च्या वरचं रेटिंग आहे आणि ते उगाच नाहीये. नदीतून वाहत जाताना तुमचा अंदाज चुकला तर फांदी तिच्या गळ्यातून आरपार जाते आणि कॅमेरा हलत नाही, दाखवत राहतो. बहुतेक तुम्ही तेच बघितलं असणार. त्या गेमबद्दल माझी जुनी तक्रार हीच आहे की लाराला कणखर करायचं म्हणजे आधी तिला इतकं ठेचायचं, आणि ते ठेचणं पण निवांत बघत बसायचं, हे कशाला?

लेकीला 'सेलेस्ट' द्या. २०१८ चा, दिसायला आपल्या लहानपणच्या टीव्ही गेमसारखा चौकोनी चौकोनी. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते, बस, इतकीच गोष्ट. पण तिला अँग्झायटी आहे. एका ठिकाणी रोपवे मध्येच बंद पडतो, तिचा श्वास चढतो, आणि सोबतचा थिओ म्हणतो की हवेत तरंगणारं एक पीस डोळ्यापुढे आण. मग स्क्रीनवर खरंच पीस येतं आणि बटण दाबून-सोडून ते खालीवर होणाऱ्या चौकटीत ठेवायचं, म्हणजे खेळणाऱ्याचाच श्वास आपोआप सावकाश होतो. पुढे एकदा ती हीच युक्ती परत करायला जाते आणि तेव्हा ती चालत नाही, हे मला त्याहून जास्त आवडलं. गेम अवघड आहे हे आधीच सांगते, पोरगी शेकड्याने मरेल, पण मेली की पुढच्या सेकंदाला परत उभी, आणि फारच चिडली तर असिस्ट मोड आहे, त्यात स्पीड कमी करता येतो. तो लावायला लाजायचं नाही.

लारा आवडतच असेल तर दहावीनंतर बघू म्हणा. त्या आतेभावाला माझ्याकडे पाठवा.

प्रश्न : आमच्या काळी गेम म्हणजे गेम होते. कॉन्ट्रा, मारिओ, मुस्तफा. हल्ली प्रत्येक गेममध्ये बाई घुसवतात आणि वर तिला मुद्दाम कुरूप करतात. हे ठरवून चालले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. छापण्याची हिंमत असल्यास छापावे.
– एक जुना वाचक, सदाशिव पेठ

छापलं काका.

मुस्तफा काढलात हे बरं केलंत. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा, पण गेम पार्लरमध्ये ते नाव कोणी घेतलं असेल तर शपथ. त्यात निवडायला चौघं होते आणि त्यातली एक हॅना डंडी. आठवतीये? नसेलच, कारण टोपीवाल्या मुस्तफासाठी मारामारी आणि ज्याला यायला उशीर झाला त्याच्या गळ्यात हॅना. ती घुसवलेली नव्हती, तिथेच उभी होती, आपण घेतली नाही.

कॉन्ट्रा १९८७ चा. त्याच्या आदल्या वर्षी निन्टेंडोचा 'मेट्रॉइड' आला. अख्खा गेम तुम्ही चिलखत घातलेल्या सॅमस अरानला चालवता, इंग्रजी माहितीपुस्तकात पण 'तो' असंच छापलेलं, आणि पाच तासांच्या आत संपवला की शेवटी हेल्मेट उतरतं आणि आत बाई. पुढे १९९१ ला 'स्ट्रीट फायटर टू' मध्ये चुन-ली, १९९६ ला लारा. तेव्हा 'हल्ली' म्हणजे नक्की कधीपासून ते पुढच्या पत्रात कळवा.

कुरूपचं म्हणाल तर वरच्या होरायझनच्या २०२२ मधल्या पुढच्या भागात अलॉयच्या गालावर बारीक लव दिसते म्हणून इंटरनेटवर लोकांनी छाती पिटली. लव असते हो माणसाला. आणि २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' मधल्या दंड कमावलेल्या अ‍ॅबीचा राग इतका आला की तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारायच्या धमक्या दिल्या. गेम आवडला नाही हे मी समजू शकते, मला स्वतःला तो मध्ये चांगलाच लांबलेला वाटला. पण तो गेम तुम्हाला अर्ध्यावर आणून अ‍ॅबीला तुमच्या हातात देतो, जिचा तुम्ही तोवर जीव घ्यायला निघालेले असता, आणि मग तिच्या बाजूने सगळं परत जगायला लावतो. हे डेरिंग पुरुष हिरो असता तरी फार कमी लोकांनी केलं असतं.

तुमचं एक मात्र मान्य. काही कंपन्या 'स्ट्राँग' म्हणून जी बाई आणतात ती कधी घाबरत नाही, चुकत नाही, कोणाशी दोन शब्द धड बोलत नाही, नुसती भुवई उंचावून टोमणे मारते. ती मलापण बोअर होते. तसला पुरुष पण होतो, फक्त त्याच्याबद्दल कोणी मेल पाठवत नाही.

प्रश्न : आपल्याकडची, म्हणजे भारतातली हिरॉईन असलेला एकतरी बरा गेम आहे का?
– हडपसर

आहे आणि तो पुण्यातच बनलाय. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक', नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचा, २०२० चा. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू, दोघं अनाथ, सर्कशीत कसरती करणारे. राक्षस भावाला पळवून नेतात, दुर्गा राजीच्या हातात त्रिशूळ देते, आणि दुर्गा नि विष्णू वरून बघत गोष्ट सांगत असतात, मध्येमध्ये एकमेकांना टोकतात पण. सर्कशीतली आहे हे नुसतं सांगण्यापुरतं नाही ठेवलंय. ती भिंतीवर पळते, खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या झोक्यातच त्रिशूळ फिरवते. एकदा ते जमायला लागलं ना की कसलं भारी वाटतं. कटसीन छायाबाहुल्यांचे आहेत. २०१७ ला यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला, तरी गेम पूर्ण केला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमसाठीच्या विभागात नॉमिनेशन मिळवलं. खोड पण सांगते, कॅमेरा आपल्या हातात नसतो त्यामुळे उड्या चुकतात, आणि शेवट असा तोडलाय की इंटरव्हल झाली म्हणून चिवडा आणायला उठावं आणि परत आल्यावर थिएटर रिकामं.

दुसरा 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी', २०१७ चा. क्लोई फ्रेझर, जिचा बाप भारतीय, आणि तिच्यासोबत नदीन रॉस, दोघी गणपतीचा दात शोधायला पश्चिम घाटात येतात, होयसळांची जुनी शहरं वगैरे. जीपमधून भटकायला मस्त आहे, फक्त राजगड-तोरणा केलेल्या माणसाने भूगोलाचा विचार करू नये, त्रास होतो. पण दोघींची भांडणं आणि मग होणारी दोस्ती अगदी खरी वाटते, आणि त्यांच्यात एका पुरुषावरून काही नाही, दातावरून आहे.

प्रश्न : ग्राफिक्स कार्ड नाही, साधा कॉलेजचा लॅपटॉप. काय खेळू?
– कर्वेनगर

वर सांगितलेला सेलेस्ट. 'पोर्टल' (२००७) पण, जुना आहे म्हणून लॅपटॉप फार रडणार नाही. त्यातली हिरॉईन चेल एक शब्द बोलत नाही, तिला छळणारं मशीन अखंड बोलतं, आणि कोडी कमाल आहेत.

प्रश्न : मी व्हॅलोरंट खेळते, पाच-पाच जणांच्या टीमचा ऑनलाइन शूटिंग गेम. माइक ऑन केला की सुरू, अरे लडकी है, किचनमध्ये जा, नंबर दे, नाहीतर तू जखमा भरणारी सेज घे आणि आम्हाला हील कर. गेममध्ये एवढ्या भारी बायका आहेत, जेट आहे, रेझ आहे, त्यांना घेऊन हीच मुलं नाचतात. आता मी माइक बंदच ठेवते, पण मग कॉल देता येत नाही (समोरचे कुठे आहेत ते टीमला सांगणं) आणि हरलो की माझ्यावरच येतं.
– स., पिंपळे सौदागर

तुझी मेल वाचून कंटाळा आला, तुझा नाही, त्यांचा. त्यांना सुधारायची जबाबदारी तुझी नाही हे पहिलं. मॅचच्या मध्ये वाद घालू नकोस, पहिल्या घाणेरड्या वाक्याला त्या एकाला म्यूट, मॅच संपली की रिपोर्ट, आणि बाकीच्यांसाठी माइक चालू. सगळ्यांसाठी बंद केलास तर जे दोघं नीट खेळणारे असतात त्यांनाही तुझा कॉल जात नाही. ते नसेल जमत तर पिंग (मॅपवर खूण) आणि टाइप करून पण बरंच भागतं. खरा उपाय म्हणजे आपली माणसं जमव, तुझ्यासकट तीन जणी झाल्या तरी पुरे, टीममध्ये आवाज तुमचा जास्त झाला की उरलेल्या दोघांची जीभ आपोआप सरळ होते. स्पर्धा खेळायच्या असतील तर मुलींसाठी गेम चेंजर्स म्हणून स्पर्धा २०२१ पासून चालू आहेत, त्यांच्या मॅच बघ, कॉल कसे देतात ते ऐक.

आणि सेज तुला आवडत असेल तरच घे. नाहीतर रेना घे आणि सगळ्यात आधी आत घूस.

प्रश्न : आई ५८ ची आहे, रिटायर झाली. मी खेळतो तेव्हा मागे बसून बघते आणि परवा म्हणाली मलापण शिकव की, पण ते धाडधाड नको, आणि बाईचं असेल तर बरं. काय लावून देऊ?
– वारजे

'वेन्बा'. २०२३ चा, कॅनडात जाऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबाचा गेम, आई मेन कॅरेक्टर, तिच्या आईची फाटकी रेसिपीची वही आणि त्यातले पुसलेले शब्द. पहिलंच कोडं इडलीचं आहे, ताटल्या एकावर एक कशा लावायच्या म्हणजे वाफ सगळीकडे जाईल. गेमर पोरं तिथे अडकतात, आईला एक मिनिट लागणार नाही आणि वर तुला ऐकवेल. छोटा आहे, एका संध्याकाळीत होतो. मुलगा मोठा होत जातो तसे काही सीन जरा लागतात, तेव्हा तू शेजारी बस, मोबाइल न घेता.

त्यानंतर 'ग्रिस' दे, २०१८ चा. त्यात मरणंच नाही त्यामुळे भीती नाही, नुसतं चालायचं, उड्या मारायच्या, आणि एकेक करत रंग परत येत जातात. कंट्रोलरच्या उजव्या काठीने कॅमेरा फिरवायची भानगड दोन्हीत नाही, नवशिक्यांचं तिथेच अडतं. आणि ती अडली की कंट्रोलर हातातून काढून घेऊ नकोस, तोंडाने सांग.