प्रदर्शनासाठी स्थानिक प्राण्यांचे नमुने कुठून मिळवावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: छोट्या संग्रहालयात परिसरातल्या जैवविविधतेचं प्रदर्शन मांडायचंय, हातात आठ महिने आहेत, तर पक्षी, सस्तन प्राणी, बेडूक, कीटक यांचे नमुने कुठून मिळतील आणि विकत घ्यावेत का?

माझी बरीच वर्षं नमुने जमवण्यात आणि सांभाळण्यात गेली आहेत. विकत घेण्याचा विचार सगळ्यात शेवटी ठेवा. विकणाऱ्याकडे प्राणी असतो, पण तो कुठे, कधी, कसा मिळाला याचा कागद बहुधा नसतो. कागदाशिवायचा नमुना म्हणजे नुसता पेंढा भरलेला प्राणी, वर कायद्याचं लचांड.

आधी दुसऱ्यांचे ड्रॉवर बघा. मोठ्या संग्रहालयाच्या दालनात दिसतो तो संग्रहाचा अगदी थोडा भाग, बाकीचं सगळं मागच्या कपाटांत पडून असतं. विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांतही तेच. तिथून उसने मागा, पण 'काही पक्षी मिळतील का' असं मोघम नको. प्रजाती, नर की मादी, उभा नमुना हवा की अभ्यासासाठीची कातडी, किती दिवसांसाठी आणि काचपेटीतला प्रकाश किती, हे सगळं पत्रात लिहा. पिसांचा आणि केसांचा रंग उजेडाने उडतो, म्हणून प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवायचा असतो. तुम्ही हे आपणहून लिहिलंत तर समोरचा निम्मा निर्धास्त होतो. ज्या नमुन्यावरून प्रजातीचं पहिलं वर्णन झालं तो मात्र मागूच नका, मिळणार नाही. उसनवारी देशाबाहेरून असेल आणि प्रजाती साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत असेल, तर परवान्यांची भर पडते. नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थांना आपसातल्या देवाणघेवाणीत सवलत आहे, पण आधी नोंदणी हवी.

दुसरी वाट मेलेल्या प्राण्यांची, आणि माझी आवडती. रस्त्यावर गाडीखाली आलेले, काचेवर आपटून मेलेले, प्राणिसंग्रहालयात किंवा उपचार केंद्रात दगावलेले. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९७८पासून शहरातल्या इमारतींवर आदळून मेलेले पक्षी गोळा केले, त्यांची संख्या आता लाखाच्या वर आहे. नामशेष झालेल्या पॅसेंजर कबुतरांतली शेवटची, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली, तेव्हा तिला बर्फाच्या लादीत गोठवून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवलं होतं. म्हणजे पद्धत नवी नाही.

पण मेलेला म्हणजे मोकळा, असं समजू नका. बऱ्याच देशांत संरक्षित पक्ष्याचं नुसतं पीस जवळ बाळगायलाही परवानगी लागते. म्हणून वन्यजीव खात्याला पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. आठ महिन्यांतले किती त्यात जातील हे तुमच्या हातात नाही. प्राणी उघड्या हाताने उचलू नका, बर्ड फ्लू आणि रेबीज ही खरी भीती आहे. पिशवीत घालून गोठवा आणि आत चिठ्ठी टाका: तारीख, नेमकी जागा, कोणाला सापडला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने, अल्कोहोलने पसरते.

प्रदर्शनाची बातमी फुटली की लोक घरातले जुने नमुने घेऊन येतील. एकदा आमच्याकडे एक देखणं घुबड आलं. देणाऱ्याला एवढंच ठाऊक की ते आजोबांचं होतं. गावाचं नाव नाही, साल नाही. वर पिसांत आर्सेनिक निघालं. अठराव्या शतकात बेकूर या फ्रेंच माणसाने नमुने टिकवायला आर्सेनिकचा साबण शोधला आणि विसाव्या शतकातही कातडीला तो लावत होते. जुन्या नमुन्यात तो आहेच असं धरून चाला, हातमोजे घाला, मुलांना हात लावू देऊ नका. ते घुबड आम्ही मांडलंच नाही.

बेडूक आणि मासे अल्कोहोलमध्ये पांढुरके पडतात. बरणीतला बेडूक बघून कुणालाच तो आपल्या अंगणातला वाटत नाही. तिथे साचा घेऊन रंगवलेली प्रतिकृती सरस. ब्लाश्का या काच-कारागीर पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकात समुद्री जीव काचेत घडवले, ते याच अडचणीपायी. शिंगांच्या बाबतीतही प्रतिकृतीच बरी. २०११मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून चोरांनी गेंड्याची शिंगं पळवली, ती नकली निघाली.

कीटक सगळ्यात सोपे, पण हंगामावर अवलंबून. आठ महिन्यांत हंगाम बसत असेल तर आजच ठरवा. एकाच जातीचे वीस भुंगेरे शेजारी शेजारी टाचले की आकार-रंगातला फरक जितका कळतो, तितका एखाद्या मोठ्या मांसाहारी प्राण्याच्या रुबाबदार नमुन्यातून कळत नाही, असं माझं मत. प्रेक्षकांचं वेगळं असू शकतं!

आणि उसना असो वा दान, कोरडा नमुना आतली कीड मरावी म्हणून बंद पिशवीत उणे २० अंश सेल्सियसवर दोन आठवडे ठेवल्याशिवाय दालनात आणू नका. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. एका नमुन्यातून आलेली कीड दुसऱ्याकडून उसन्या आणलेल्या नमुन्यात शिरली, तर पुढच्या वेळी तो ड्रॉवर तुमच्यासाठी उघडणार नाही.