उसाच्या रसाची फसफस थांबली तर

प्रश्न : उसाच्या रसाचं व्हिनेगर घातलं आहे. पाच लिटर रस, ब्रिक्स (साधारण साखरेची टक्केवारी) १७, त्यात बेकरीचं ड्राय यीस्ट. चार दिवस जोरात फसफसलं, मग शांत. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा ६ च्या खाली उतरत नाही. आणखी यीस्ट टाकू का? (वाचक, कागल)

उत्तर : नको. तुमचं काम बहुधा पूर्ण झालं आहे, फसवतंय ते यंत्र. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते बघतो आणि त्यालाच साखर समजतो. यीस्टने साखरेचा अल्कोहोल केला की तोही प्रकाश वाकवतो. शिवाय रसातले साखर नसलेले घटक तसेच राहतात. त्यामुळे १७ ब्रिक्सचा रस पुरता आंबला तरी आकडा ६ च्या आसपासच अडकतो. शेतात ऊस पक्व झाला का हे बघायला हे यंत्र उत्तम. आंबवणात फक्त पहिल्या दिवशी वापरा.

पुढचं मोजमाप हायड्रोमीटरने (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीने) करा. नमुना आधी भांड्यात ओतून-हलवून त्यातला गॅस घालवा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात. आकडा १.००० च्या, म्हणजे पाण्याच्या घनतेच्या, जवळ (ब्रिक्सच्या हायड्रोमीटरवर शून्याच्या आसपास) आणि दोन दिवस तोच, तर साखरेचा अल्कोहोल होण्याचा पहिला टप्पा संपला. १.०२० वर अडकला असेल तरच पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : गोडी वाढावी म्हणून रसात काकवी घातली, ब्रिक्स २६ झाला. आठवड्याने ब्रिक्सच्या हायड्रोमीटरवर १२ ला थांबलंय. सध्या रात्री चांगलीच थंडी असते. (वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : इथे मात्र खरंच अडलंय. २६ वरून १२ म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झाला. बेकरीचं यीस्ट साधारण इथेच दमतं, वर थंडी. २० अंशांखाली ते सुस्तावून तळाशी बसतं. काकवीबद्दल एक शंका : गुऱ्हाळात रंग उजळायला हायड्रॉस टाकलं असेल तर त्यातला गंधकाचा अंश यीस्टला मारक ठरतो. भेंडीच्या रसाने मळी (वर येणारा गाळ) काढलेली काकवी असेल तर ती भीती नाही.

आधी उकळून गार केलेलं पाणी रसाइतकंच घाला. घाबरू नका, व्हिनेगरला पुढे सहा-सात टक्केच अल्कोहोल हवा असतो, चौदा टक्क्यांवर व्हिनेगरचे जिवाणू तगत नाहीत. कॅन घोंगडीत गुंडाळून २५ ते ३० अंशांवर आणा.

मग नवं यीस्ट, पण कोरडं थेट ओतायचं नाही. पाच लिटर मूळ रसासाठी १० ग्रॅम यीस्ट १०० मिली कोमट (३५ ते ३८ अंश) पाण्यात १५ मिनिटं भिजवा, त्यात कपभर ताजा रस घाला, फेस येऊ द्या. आता अडलेल्या रसातला एक कप या यीस्टमध्ये घाला. पुन्हा फसफसलं की दोन कप, मग चार. शेवटी सगळं कॅनमध्ये. उलटं केलं तर अल्कोहोलचा एकदम मार बसून नवं यीस्टही आडवं होतं. खुराक म्हणून पाच ग्रॅम यीस्ट पाण्यात दहा मिनिटं उकळून गार करून घाला. उसाच्या रसात नत्र कमीच असतं. म्हणून शेतातलं डीएपी (नत्राचं खत) मात्र चुकूनही नको, ते खाण्याच्या प्रतीचं नसतं.

झाकण सैल ठेवा. घट्ट बंद कॅन फुटतो. आणि हे मधलं द्रव्य पिण्यासाठी नाही, परवान्याशिवाय दारू करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. फसफस संपली की गाळून, तोंडाला फडकं बांधून, पाव भाग न उकळलेलं जुनं व्हिनेगर घाला आणि हवेशीर ठेवा.

प्रश्न : रस तार धरू लागलाय, चमच्याला चिकटतो. फसफस नाही. (वाचक, शिरोळ)

उत्तर : फेकून द्या. ल्युकोनॉस्टॉक नावाच्या जिवाणूने साखरेचं डेक्स्ट्रान, म्हणजे चिकट डिंकासारखा पदार्थ, केलं आहे. यीस्ट ते खात नाही. साखर कारखान्यात शिळ्या उसाने होणारी हीच अडचण. पुढच्या वेळी रस काढल्यावर तासाभरात ८० अंशांवर दहा मिनिटं तापवा, मळी काढा, ३० अंशांवर आला की लगेच यीस्ट घाला. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. रसवंतीतला बर्फ घातलेला रस तर घेऊच नका.